केंब्रिजचे 'ईगल'

पब म्हटले की आपल्याकडे गुत्ता आठवतो. ही समजूत घटकाभर बाजूला ठेवू. इंग्रजांचा पब म्हणजे 'पब्लिक हाउस', चार ओळखीच्या माणसांनी बसून जेवावे, बोलावे, अशी गावाची ओसरी. केंब्रिजच्या बेनेट स्ट्रीटवरील 'ईगल' ही अशीच 17व्या शतकापासूनची जागा; मालकी कॉर्पस क्रिस्टी कॉलेजची. पूर्वी येथे घोड्यांच्या प्रवासी गाड्या थांबत. आतले अंगण व वरचा सज्जा त्या काळाची आठवण देतात.

मागच्या एका दालनाचे छत मात्र आपण मान वर करून पाहावे. दुसऱ्या महायुद्धात येथे येणाऱ्या वैमानिकांनी लायटर व मेणबत्तीच्या ज्योतीने त्यावर आपली नावे नि तुकड्यांचे आकडे काढले. त्यांतले कितीतरी पुढे परतलेच नाहीत.

कॅव्हेंडिश प्रयोगशाळा तेव्हा येथून हाकेच्या अंतरावर होती. क्रिक आणि वॉटसन दुपारी येथेच जेवत. 28 फेब्रुवारी 1953 रोजी, शनिवारी, जीवनाचे रहस्य सापडल्याचे क्रिकने जेवणाऱ्यांना ऐकवले, असे वॉटसनने 1968 सालच्या पुस्तकात लिहिले. क्रिकला मात्र हे काही आठवत नव्हते! रहस्य ते डीएनएच्या घडणीचे. दोन पदरांचा पीळ. एका पदरावर 'ए' तर समोर 'टी', 'जी' तर समोर 'सी'. म्हणून पदर सुटे झाले की प्रत्येकाला आपला जोडीदार नव्याने घडवता येतो. आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते या युक्तीने.

पण या शोधाला आधार लागला तो लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण कामाचा. 1952 साली त्यांच्या विद्यार्थ्याने, गॉसलिंगने, घेतलेले छायाचित्र सहकारी विल्किन्सने वॉटसनला दाखवले, तेही बाईंना न विचारता. ही गोष्ट आम्हांला खटकते. 1958 साली वयाच्या 37व्या वर्षी बाई वारल्या. 1962 चे नोबेल क्रिक, वॉटसन व विल्किन्स यांना मिळाले.

2003 साली 'ईगल'च्या भिंतीवर फलक लागला, त्यावर नावे दोघांचीच. कोणीतरी खाली हाताने 'फ्रँकलिन' लिहून ठेवले. अखेर 2023 साली फलक बदलला आणि बाईंचे नाव रीतसर कोरले गेले.