गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज

शीवहून निघा, दादरला गाडी बदला, चर्नी रोडला उतरा. चौपाटीसमोरची गॉथिक धाटणीची दगडी इमारत म्हणजे विल्सन कॉलेज. इमारत १८८९ची, पण संस्था १८३२ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून २५ वर्षांनी थोरली! स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी गिरगावात आंब्रोलीला शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. त्याच वर्षी पत्नी मार्गारेट यांनी मुलींसाठी शाळा सुरू केली. आजची सेंट कोलंबा शाळा ती हीच.

१८३९मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतरावरून शहरात मोठं वादळ उठलं, पालकांनी मुलं काढून घेतली. १८४३मध्ये स्कॉटलंडचं चर्चच फुटलं. विल्सन नव्या फ्री चर्चकडे गेले आणि जुन्या संस्थेची जागा सोडून त्यांना पुन्हा उभं राहावं लागलं. मला त्यांच्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं.

माणूस नुसता धर्मप्रसारक नव्हता. गिरनारच्या अशोककालीन शिलालेखाचे त्यांनी घेतलेले ठसे जेम्स प्रिन्सेपना ब्राह्मी लिपीच्या वाचनात उपयोगी पडले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

भारतरत्न पां. वा. काणे आणि मोरारजी देसाई इथलेच विद्यार्थी. तुमच्या घरातलं कुणी विल्सनला शिकलं असेल, तर त्यांच्या आठवणी जरूर लिहा.