दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि मज्जातंतु

पित्ताशयांतील खडे, अंतर्गळ किंवा गर्भाशयाचे विकार यांवर पोट न फाडतां दुर्बिणीनें शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडला आहे. भारतांत या रीतीनें पित्ताशय प्रथम काढलें तें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत, डॉ. तेहमटन उदवाडिया यांनीं, १९९० सालीं. पुलगांवलगतच्या आमच्या नाचणगांवांतील मंडळीहि त्यासाठीं वर्धा-सेवाग्रामकडे जातात. छेद लहान आणि घरीं परतणें लवकर, हे लाभ निर्विवाद आहेत. परंतु जखम लहान म्हणून त्रासहि नाहींच, हा समज बरोबर नव्हे.

पोट तपासलें आणि खांदा दुखूं लागला, याचें अनेकांस नवल वाटतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं पोटांत कार्बन डायॉक्साईड वायु भरून तें फुगवितात. त्याचा दाब बहुधा १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो. त्यानें श्वासपटल ताणलें जातें. त्या पटलाचा मज्जातंतु मानेंतून निघतो व खांद्याच्या त्वचेची संवेदनाहि तेथूनच येते. म्हणून मेंदूस वेदना खांद्याची भासते. ती बहुधा दोन-तीन दिवसांत शमते. मात्र छातींत कळ किंवा धाप असल्यास वैद्यास तत्काळ कळवावें.

दीर्घ शस्त्रक्रियेंत हात ताणून किंवा पाय उंच बांधून ठेवल्यानें मज्जातंतु दबतात. मग बोटांस मुंग्या येतात, क्वचित् पाऊल लुळें पडतें. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेंत जांघेचे तंतु दुखावतात. बहुतेक रोगी बरे होतात. परंतु तुटलेला तंतु दिवसास सुमारें एक मिलिमीटरच वाढतो, म्हणून धीर हवा. घरांतील सुनेनें अशी तक्रार केली, तर तो नाजूकपणा समजूं नये.

वृद्धांस कधीं रात्रीं भ्रम होतो. ते असंबद्ध बोलतात, माणसें ओळखत नाहींत. ही बाधा नव्हे कीं वेडहि नव्हे. भूल, वेदना, जागरण, जंतुसंसर्ग, औषधें अशीं त्याचीं कारणें असतात. डॉक्टरांस सांगावें, चष्मा व श्रवणयंत्र जवळ द्यावें, ओळखीचें माणूस उशाशीं बसवावें. पण तोंड वांकडें होणें, वाचा जाणें, एक बाजू लुळी पडणें, यांत क्षणाचाहि विलंब नको.

आयुर्वेदानें चिकित्सेच्या चार पादांत परिचारकाची गणना केली आहे. एकत्र कुटुंबांत तो पाद दुबळा राहण्याचें कारण नाहीं.