थर्माकोलची पेटी गारवा देत नाही, आहे तो राखते



परवा संकलन केंद्रावर ब्रोकोलीच्या काही पेट्या उघडल्या. आत दमट वाफ, गड्डे पिवळे पडायला लागलेले. पेटी नवी, टेप पक्की, वर मूठभर बर्फाचा चुराही होता. मग चुकलं कुठं? माल भर दुपारी काढला आणि तसाच गरम पेटीत बंद केला. दर पडला, आणि तो पडणारच होता.

*थर्माकोल म्हणजे नेमकं काय?*
पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे बारीक मणी असतात, त्यात पेंटेन वायू भरलेला असतो. वाफ दिली की मणी लाह्यांसारखे फुलतात, अगदी ४० पटीपर्यंत. मग साच्यात पुन्हा वाफ देऊन ते एकमेकांना चिकटवतात. तयार पेटीत जवळपास ९८ टक्के हवा आणि २ टक्केच प्लास्टिक असतं. मण्यांत कोंडलेली ही हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. म्हणून बाहेरचं ऊन आत शिरायला वेळ लागतो.

पण आतली उष्णताही बाहेर जात नाही! पेटी म्हणजे घोंगडी समजा. घोंगडी स्वतः ऊब तयार करत नाही, आतली ऊब धरून ठेवते. शिवाय काढलेली भाजी श्वास घेत असते, त्यातून उष्णता निघते. ब्रोकोलीत हे प्रमाण फार जास्त. गरम माल कोंडला की तो आतल्या आत उबतो.

*बर्फाचा हिशोब*
१ किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. १ किलो ब्रोकोली १ अंशाने गार करायला साधारण ०.९ किलोकॅलरी काढावी लागते. म्हणजे १० किलो माल ५ अंशांवर आणायचा तर:
▪️ दुपारचा ३० अंशांचा माल: सुमारे २.८ किलो बर्फ
▪️ पहाटेचा १६ अंशांचा माल: सुमारे सव्वा किलो बर्फ
हा फक्त माल गार करण्याचा बर्फ झाला. वाटेत लागणारा वेगळा. पहाटे काढणी केली तर निम्म्याहून जास्त बर्फ इथंच वाचतो.

*एवढं करा*
✅ काढणी ऊन चढायच्या आत उरका. माल लगेच सावलीत न्या.
✅ सोय असेल तिथे आधी प्रीकूलिंग, मगच पेटी बंद.
✅ ब्रोकोलीवर बर्फाचा चुरा चालतो. पेटीच्या तळाला पाणी जायला भोक ठेवा.
✅ स्ट्रॉबेरीला पाणी लागू देऊ नका, बुरशी धरते. ती कोरडीच गार करून भरा.
✅ टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरचीला फार गारवा सोसत नाही. बर्फाच्या पेटीत भरू नका.
✅ पेटी घेताना कडा अंगठ्याने दाबून बघा. मणी सुटत असतील तर परत करा.
✅ झाकणाच्या फटीवर सगळीकडून टेप मारा. भरलेली पेटी उन्हात ठेवू नका.

*हे टाळा*
❌ पेट्रोल, थिनरने थर्माकोल विरघळतो. काही ईसी औषधांतल्या द्रावकानेही तेच होतं. औषधाच्या खोलीत पेट्या रचू नका, आणि औषध ठेवलेल्या पेटीत माल तर कधीच भरू नका.
❌ फुटक्या पेट्या बांधावर जाळू नका. काळा, विषारी धूर होतो.
❌ शेतात टाकू नका. थर्माकोल कुजत नाही, तुकडे जनावरांच्या पोटात जातात.

चांगल्या पेट्या धुऊन, वाळवून पुन्हा वापरा. फुटक्या पोत्यात भरून भंगारवाल्याकडे द्या.

उद्या ज्यांची काढणी आहे त्यांनी बर्फ आजच सांगून ठेवा. मेसेज आपल्या गटात पुढे पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱