फावला वेळही शिकवावा लागतो

आपल्याला फावला वेळ मिळाला की कोणी वर्तमानपत्र उघडतो, कोणी शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो. हे आपल्याला कोणी शिकविलेले नसते; पाहून पाहून आपण ते उचलतो. स्वमग्न व्यक्तीला मात्र ते असे सहज उचलता येत नाही. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा रोग नसून मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण होय. इतरांचे हावभाव ओळखणे व संवाद साधणे अशा व्यक्तीला कठीण जाते. ठरलेला क्रम मोडला की ती बेचैन होते. पुष्कळांना गर्दी व मोठा आवाज सोसवत नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात व पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६ च्या कायद्याने पात्र दिव्यांग मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण अठरानंतर काय? शाळा सुटते, दिवस रिकामा होतो आणि तरुण मुलगा घराच्या कोपऱ्यात बसून राहतो. आईवडील थकत जातात.

अठरा वर्षांनंतरचा हाच प्रश्न अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी वर्षानुवर्षे मांडला. त्यांच्या बालगृहातील निराधार दिव्यांग मुले मोठी झाली, तरी बाबांनी त्यांना अंतर दिले नाही. त्या मुलांच्या हातून तेथे झाडे लागली व जगली. २०२४ साली बाबांना पद्मश्री मिळाली. हाताला आवडीचे काम मिळाले की माणूस फुलतो, हा त्यातील धडा आहे.

घरी सुरुवात कशी करावी? कॅरमचेच उदाहरण घेऊ.

१) प्रथम शेवटची पायरी शिकवावी. सोंगटी जाळीच्या तोंडाशीच ठेवावी. एका टिचकीत ती आत जाते व यश लगेच दिसते. मग हळूहळू अंतर वाढवावे.

२) हात धरून शिकविल्यास आधी त्याची संमती पाहावी आणि आधार क्रमाक्रमाने काढून घ्यावा.

३) ज्याच्या हाती स्ट्रायकर, त्याचीच पाळी, एवढा एकच नियम ठेवावा. तो डोळ्यांना दिसतो, त्यामुळे समजतो.

४) शेवट ठरलेला असावा. १९ सोंगट्या मोजून डब्यात भरल्या की खेळ संपला.

निवड मात्र त्याची असावी. कॅरम व रेडिओ दोन्ही पुढे ठेवून तो कशाकडे वळतो ते पाहावे. कोणाला आगगाड्यांची ओढ असेल, तर त्याला वेळापत्रक वाचायला शिकवावे व बडनेरा किंवा अकोला स्थानकावर गाडी पाहायला न्यावे. पंचविशीच्या तरुणाला खुळखुळा देऊ नये. तो बाळ नाही. नुसते शांत बसणे त्याला आवडत असेल, तर तोही त्याचा विरंगुळाच आहे.

समाजानेही थोडे सरकून जागा करावी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील वाद्यांचा दणदणाट त्याला सोसत नसेल, तर सकाळी गर्दी होण्यापूर्वी अमरावतीच्या इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेत त्याला अभिवादनाला न्यावे. विहारात सतरंज्या अंथरण्याचे काम दर रविवारी त्याच्याकडेच द्यावे. विद्यार्थी मित्रांनो, आठवड्यातून एक तास अशा एका भावासोबत कॅरम खेळा. त्या एका तासात त्याच्या आईलाही विसावा मिळेल.