जळणाचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यात दोन गोष्टींची घाई असते. शेतात कापसाची वेचणी चाललेली असते आणि वाड्यातांड्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत असतात. घरची चूल वर्षभर कशावर चालणार, हे या दोन्हींवर ठरतं. कापूस उलंगला की पऱ्हाट्या हाती येतात. टोळी निघाली की घरातली गॅसची टाकी कुलपाआड राहते आणि बाई तीन दगडांच्या चुलीवर पाच-सहा महिने संसार करते.

पऱ्हाटी हे इथलं हुकमी जळण. उपटायची, पेंढ्या बांधायच्या, घराच्या कडेला रचायच्या. जोडीला तुराट्या, धसकटं, बांधावरची वेडी बाभूळ आणि पावसाळ्याआधी हुडव्यात रचून ठेवलेल्या गोवऱ्या. कशाला काय जाळायचं, याची समज बायकांच्या हातात असते. तुराटी चटकन पेटते, मोठा जाळ देते आणि लगेच विझते, म्हणून तवा तापवायला ती बरी. गोवरी धिम्या आचेची. दूध तिच्यावर उतू न जाता तापतं, हुलगे सावकाश शिजतात. बाजरीच्या भाकरीला दोन्ही लागतं. आधी तव्याखाली जाळ, मग तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यापुढे ती उभी करायची, की टम्म फुगते. शेजारच्या वैलावर त्याच जाळात आमटी उकळत असते.

या कौशल्याचं मोल मला कमी वाटत नाही, पण हिशेब वेगळं सांगतो. एक किलो गॅसमध्ये एक किलो वाळल्या लाकडाच्या जवळजवळ तिप्पट उष्णता असते. शिवाय साध्या चुलीची शंभरातली दहा-पंधरा भाग उष्णताच भांड्याला मिळते, बाकी धुरात आणि वाऱ्यावर जाते. गॅसच्या शेगडीवर साठाहून अधिक भाग भांड्याला लागतात. म्हणजे 14.2 किलोची एक टाकी साधारण दोन क्विंटल लाकडाचं काम करते. डोक्यावरच्या मोळीत वीस-पंचवीस किलो धरले, तर आठ ते दहा खेपा.

हे जळण आता पूर्वीसारखं मिळतही नाही. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली तशी गोठ्यातली जनावरं घटली, शेण घटलं. कापसाच्या रानात सोयाबीन आलं, त्याच्या भुसकटावर भाकरी होत नाही. उरलेल्या पऱ्हाट्यांवर रोटाव्हेटर फिरतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस खाल्ला. अळीचे कोष पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत तग धरतात, म्हणून पऱ्हाट्या साठवू नका, असं कृषी खातं सांगतं. सल्ला रास्तच आहे. पण पऱ्हाटी दाराशी ठेवायची नाही, तर जाळायचं काय, याचं उत्तर त्या सल्ल्यात नसतं.

दुष्काळात तर सगळंच एकदम आटतं. 2018-19 च्या दुष्काळात राज्यातल्या सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात होत्या. जनावरं छावणीला गेली की शेणही तिकडेच. कापूस गुडघ्याएवढाही वाढला नाही, तर पऱ्हाटी कुठून येणार? पाण्याच्या टंचाईची नोंद टँकरच्या आकड्यांत होते. जळणाच्या टंचाईची कुठेच होत नाही, ती बाईच्या पायांनाच कळते.

घरगुती गॅस देशात 1955 साली मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने आला. खेड्यातल्या गरीब घरात तो पोचायला साठ वर्षं गेली. 1 मे 2016 रोजी गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि 7 सप्टेंबर 2019 रोजी तिची आठ कोटीवी जोडणी बीडच्या शेजारी, तेव्हाच्या औरंगाबादला दिली गेली. काम मोठं झालं यात शंका नाही. पण जोडणी मिळाली म्हणजे चूल सुटली असं नाही. 2022-23 मध्ये देशभरातल्या उज्ज्वला घरांनी सरासरी 3.71 टाक्या घेतल्या. सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या पाच माणसांच्या घराला याच्या दुपटीहून जास्त लागतात. टाकी घेताना पूर्ण पैसे मोजायचे, अनुदान मागाहून बँकेत, ही रीत रोजंदारीच्या घराला परवडत नाही. 2024 साली राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत देऊ केल्या, तो आधार आहे. तरी चहा, भाजी, मुलांचा डबा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, हीच वाटणी अजून बहुतेक घरांत दिसते.

आंघोळीच्या पाण्याकडे योजना आखणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. पाच माणसांचं घर, माणशी एक बादली कोमट पाणी, एवढंच गॅसवर तापवलं, तरी एक टाकी पाच-साडेपाच आठवड्यांत संपते. वर्षातले बहुतेक दिवस रखरखीत ऊन असणाऱ्या जिल्ह्यात हे पाणी सूर्याने तापवायला हवं. छपरावर साधा सौर बंब बसवला, तर सरपणाच्या कितीतरी खेपा वाचतील.

ब्रिटनमध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, तेव्हा 1967 ते 1977 या दहा वर्षांत गॅस कंपनीची माणसं घरोघरी गेली आणि प्रत्येक शेगडी नव्या वायूजोगी करून आली. इंधन बदलायचं तर ते घराच्या पायरीशी नेऊन द्यावं लागतं, हे तिथे आधीच ओळखलं गेलं होतं.

बीडच्या ऊसतोड कुटुंबाची पायरीच मुळात सहा महिने हलती असते. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या हद्दीत कोपी पडते. पहाटेच्या अंधारात बाई दवात भिजलेलं सरपण फुंकून फुंकून पेटवते, भाकऱ्या बांधून घेते आणि उजाडायच्या आत फडात उभी राहते. ताडपत्रीच्या त्या कोपीत धुराला वाट नसते आणि लेकरं तिथेच निजलेली असतात. घरातल्या अशा धुराने 2020 साली जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असं जागतिक आरोग्य संघटनेचं अनुमान आहे. फडात मात्र पाचटाचे ढीग पेटवून दिले जातात. याच पाचटाचा कोळसा करून त्यावर स्वयंपाक होतो, हे आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने दाखवून दिलं आणि त्यासाठी 2002 साली तिला अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला.

वाटेत नियमांची अडचण आता उरलेली नाही. 10 ऑगस्ट 2021 पासून उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र पुरतं. पाच किलोची छोटी टाकीही बाजारात आहे. म्हणून साखर कारखाने आणि मुकादमांना एवढंच सांगणं आहे: यंदा उचल देताना करारात एक ओळ वाढवा. प्रत्येक कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागे, एक शेगडी आणि हंगामभर पुरेल इतका गॅस कारखान्याने कोपीवर पोचवावा. ऊस तोडायला माणसं बोलावता, तर त्यांची भाकरी कशावर भाजायची ही जबाबदारीही तुमचीच आहे.