साथीत सामने भरवायचे, तर आधी जबाबदारी आयोजकांची

साथीच्या काळात स्पर्धेला परवानगी मिळाली म्हणजे आयोजक सुटले, असं होत नाही. कोरोनात निर्बंध राज्यागणिक वेगळे होते. पण आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ देशभर एकच होता. सबळ कारणाशिवाय आदेश धुडकावल्यास कलम ५१ नुसार एक वर्षापर्यंत, त्यामुळे जीव गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५८ मधल्या ‘कंपनी’त व्यक्तींचा संघही येतो. त्यामुळे मंडळाकडून गुन्हा घडला, तर कारभार पाहणारे पदाधिकारीही दोषी धरले जातात. आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे त्यांनाच सिद्ध करावं लागतं.

२०२०-२१ ची इंडियन सुपर लीग गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर प्रेक्षकांविना पार पडली. अहमदाबादेत मात्र मार्च २०२१ मध्ये भारत-इंग्लंड टी-२० मालिकेचे पहिले दोन सामने प्रेक्षकांसह झाले. रुग्ण वाढल्यावर उरलेले तीन रिकाम्या स्टेडियमवर खेळवावे लागले. मे महिन्यात खेळाडूच बाधित निघाल्यानं आयपीएल २९ सामन्यांनंतर थांबली.

गावातलं कुस्तीचं मैदान असो की कबड्डीची स्पर्धा, हिशेब हाच. परवानगीपत्रावरच्या अटी आधी वाचायच्या, गर्दी आवरणं जमणार नसेल तर तारीख पुढे ढकलायची. पोलीस येईपर्यंत थांबायचं नाही.