गिधाडे कोठे गेली?

ढोर मेले, गावाबाहेर टाकले, की घटकाभरात आभाळातून गिधाडे उतरत. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी हे पाहिलेले आहे. थवा बसला म्हणजे थोड्याच वेळात नुसता सांगाडा उरे. गिधाड म्हटले की आपण नाक मुरडतो. पण इतकी चोख आणि फुकटची सफाई दुसऱ्या कोणी केलेली मला तरी ठाऊक नाही.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९हून अधिक नाहीशी झाली. त्यांना कोणी बंदुकीने मारले नाही. कारण उमगले २००४ साली : डायक्लोफिनॅक. गुरांची सूज, दुखणे उतरावे म्हणून टोचायचे हे औषध. टोचलेले जनावर लगोलग दगावले, तर औषध मांसात राहते. ते खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत पक्षी मरतो. बरे, मादी वर्षाला अंडे घालते एकच. मग ही तूट भरून यायची कशी? इकडे टाकलेल्या ढोरांवर भटकी कुत्री पोसली. त्यांच्या चाव्याचे भय आपल्या पोरांना.

२००६मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच. म्हणून २०१५मध्ये कुपी ३ मिलिलिटरचीच ठरली. २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकही जनावरांना देणे बंद झाले. मेलोक्सिकॅम मात्र गिधाडांना बाधत नाही. तेव्हा ढोरांचे डॉक्टर बैलाला सुई टोचायला आले, की औषधाचे नाव विचारा. विचारायला संकोच कसला? आणि गुरुजी, ही चार नावे शाळेच्या फळ्यावर, एका कोपऱ्यात का होईना, लिहून ठेवता येतील.